फुटलेला रॅक काय सांगतो

पूलच्या टेबलावर एकच शॉट असा आहे, ज्याची मांडणी खेळाडूला आधीपासून ठाऊक असते. बाकी कुठल्याही शॉटला पांढरा बॉल कुठे थांबेल, मधे काय आडवं येईल, पॉकेट किती तिरकं दिसेल, यातलं काहीच ठरलेलं नसतं. ब्रेकला, म्हणजे डाव उघडणाऱ्या फटक्याला, सगळं ठरलेलं असतं. एट-बॉलमध्ये पंधरा बॉल त्रिकोणात लागतात, हाच रॅक. शेंड्यावरचा बॉल टेबलाच्या पलीकडच्या भागातल्या खुणेवर, म्हणजे फूट स्पॉटवर, काळा आठ नंबर तिसऱ्या ओळीच्या मध्यभागी, मागच्या दोन कोपऱ्यांत एक भरीव रंगाचा आणि एक पट्टेवाला. पांढरा बॉल आपल्या बाजूच्या आडव्या रेषेच्या, म्हणजे हेड स्ट्रिंगच्या मागे हवा तिथे ठेवायची मुभा असते. कुणी अडवत नाही, कुठलाही बॉल वाटेत येत नाही.

असा शॉट प्रत्येकाचा सर्वांत पक्का असायला हवा. पार्लरमध्ये दिसतं ते उलटंच. एरवी संथपणे, नेम धरून खेळणारी माणसं ब्रेकला अंगातला सगळा जोर एकवटतात, डोळे मिटल्यासारखा फटका हाणतात आणि पांढरा बॉल टेबलाखाली शोधत बसतात. कारण साधं आहे. टेबल तासाच्या भाड्यावर असतं, आणि ब्रेकचा सराव म्हणजे एक फटका मारायचा, मग पंधरा बॉल गोळा करून पुन्हा लावायचे. पैसे देऊन एवढा खटाटोप कोण करणार? म्हणून वर्षानुवर्षं खेळूनही ब्रेक पहिल्या महिन्यात होता तसाच राहतो.

तो सुधारण्याची किल्ली याच सारखेपणात आहे, असं माझं ठाम मत आहे. मांडणी दर वेळी तीच असेल, तर निकालात पडलेला फरक आपल्या फटक्यातून किंवा रॅकमधून आलेला असतो. म्हणजे प्रत्येक ब्रेक आपल्याला काहीतरी सांगून जातो. ते ऐकायला शिकलं की जोर वाढवायची गरज पुष्कळदा पडतच नाही.

आधी, ब्रेककडून आपल्याला हवं काय? नियमापुरतं पाहिलं तर जागतिक नियमांनुसार एट-बॉलमध्ये ब्रेकला एखादा बॉल पॉकेटमध्ये जावा लागतो, नाहीतर किमान चार बॉल कुशनला लागावे लागतात. तेही झालं नाही, तर पुढे काय करायचं हे प्रतिस्पर्धी ठरवतो. पांढरा बॉल पॉकेटमध्ये गेला तर त्याला तो हेड स्ट्रिंगच्या मागे हातात मिळतो. ब्रेकला आठ नंबर पडला की डाव जिंकला, अशी प्रथा अनेक पार्लरमध्ये आहे. जागतिक नियमांत मात्र तसं नाही. तिथे आठ नंबर पुन्हा स्पॉटवर ठेवून खेळ पुढे न्यायचा किंवा नव्याने ब्रेक करायचा, असे दोन पर्याय मिळतात. अनोळखी ठिकाणी खेळताना ही गोष्ट आधीच विचारून घेतलेली बरी.

नियमापलीकडे तीन अपेक्षा असतात: एखादा बॉल पडावा, बाकीचे मोकळे पसरावेत, आणि पांढरा बॉल टेबलाच्या मध्याजवळ थांबावा. बहुतेकांच्या मनात त्यांचा क्रम हाच असतो. मी तो उलटा लावतो. बॉल पडणं शेवटी थोडंफार नशिबावर असतं. पांढरा बॉल मध्यावर थांबवणं जवळजवळ पूर्णपणे आपल्या हातात असतं. शिवाय बॉल पडूनही पांढरा कुशनला चिकटून बसला, तर त्या पडलेल्या बॉलचा उपयोग काय?

आता टक्कर जवळून पाहू. पूलचा बॉल सव्वादोन इंच, म्हणजे ५७.१५ मिलिमीटर व्यासाचा असतो. वजन १५६ ते १७० ग्रॅमच्या दरम्यान. नऊ फुटी टेबलाचं खेळायचं मैदान १०० इंच लांब आणि ५० इंच रुंद असतं. हेड स्ट्रिंग आणि फूट स्पॉट यांच्यात बरोबर ५० इंच अंतर. पांढरा बॉल हेड स्ट्रिंगच्या मध्यावर ठेवला, तर शेंड्याच्या बॉलला टेकेपर्यंत तो ५० उणे सव्वादोन, म्हणजे सुमारे १ मीटर २१ सेंटिमीटर जातो. चांगल्या व्यावसायिक खेळाडूचा ब्रेक ताशी ३२ किलोमीटरच्या आसपास किंवा त्याहून वेगवान असतो. म्हणजे सेकंदाला ९ मीटर. त्या वेगाने हे अंतर कापायला लागतात ०.१३५ सेकंद.

या वेगातली बहुतेक ऊर्जा पांढरा बॉल रॅकला देतो. ती सोळा बॉलमध्ये सारखी वाटली गेली आणि वाटेत काहीच वाया गेलं नाही असं क्षणभर धरलं, तर प्रत्येकाच्या वाट्याला मूळ वेगाचा चौथा हिस्सा येईल, म्हणजे सेकंदाला सव्वादोन मीटर. प्रत्यक्षात वाटणी सारखी होत नाही आणि टकरीत, कापडात, कुशनमध्ये ऊर्जा खर्च होते. तरीही या हिशेबातून एक गोष्ट कळते: देण्यासारखं जे आहे ते मर्यादित आहे, ते वाटेत सांडता कामा नये.

ते सांडतं कुठे? पहिली गळती नेमात. दोन गुळगुळीत बॉल आदळतात तेव्हा धक्का त्यांच्या केंद्रांना जोडणाऱ्या रेषेतच बसतो. त्या रेषेला आडवा असलेला वेगाचा भाग पांढऱ्या बॉलकडेच उरतो, समोर एक बॉल असो की पंधरा. हा नियम एकदा ध्यानात आला की ब्रेकची निम्मी कोडी सुटतात. समजा, पांढऱ्या बॉलचा मार्ग शेंड्याच्या बॉलच्या मध्यापासून फक्त एक सेंटिमीटर डावीकडे सरकला. सव्वा मीटरच्या प्रवासात एवढी चूक व्हायला नेम अर्ध्या अंशानेही चुकावा लागत नाही. तरी त्या एका सेंटिमीटरमुळे मूळ वेगाचा साधारण साडेसतरा टक्के भाग आडवा उरतो. सेकंदाला ९ मीटरच्या ब्रेकमध्ये तो दीड मीटरहून जास्त होतो. हा उरलेला वेग पांढऱ्याला डावीकडच्या कुशनकडे पळवतो, तिथून तो दुसरीकडे, मग एखाद्या बॉलवर, आणि वाटेत सहा पॉकेटं उघडी असतातच.

म्हणून ब्रेकनंतर पांढरा डावीकडे पळाला तर आपण मध्याच्या डावीकडे लागलो, उजवीकडे पळाला तर उजवीकडे. बॉल किती पसरले हे पाहण्याआधी ही एक गोष्ट पाहायची सवय लावून घ्यावी.

वेगाला किंमत नाही असं मी म्हणणार नाही. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. सेकंदाला ७ मीटरवरून ९ मीटरवर गेलात तर रॅकला सुमारे पासष्ट टक्के जास्त ऊर्जा मिळते. हा फायदा खरा आहे. पण तो सरळ आदळणाऱ्यालाच मिळतो. वाकडा आदळणारा जितका वेग वाढवेल, तितका पांढऱ्याकडे उरणारा आडवा वेगही वाढतो. आधी सरळपणा, मग वेग, हा क्रम बदलून भागत नाही.

सरळ आदळलेला पांढरा बॉल जागीच का थांबत नाही, हाही एक रंजक प्रश्न आहे. एकट्या बॉलवर तो सरळ आदळला तर जवळपास जागच्या जागी थांबतो, कारण दोघांचं वजन सारखं असतं. रॅकमध्ये शेंड्याच्या बॉलला पाठीमागून दोन बॉल टेकलेले असतात, त्यांना तीन, तिघांना चार. पांढऱ्याला समोरचा बॉल त्याच्या खऱ्या वजनापेक्षा जड भासतो आणि तो मागे उसळतो. ही उसळी आपल्या फायद्याची आहे, कारण ती त्याला मध्याकडे आणते. पण क्यूची टिप चुकून मध्याच्या वर लागली असेल, तर पांढऱ्यात पुढचा स्पिन असतो. उसळल्यावर तो स्पिन कापड पकडतो, पांढरा पुन्हा पसरत्या बॉलमध्ये घुसतो आणि कुणीतरी त्याला धक्का मारून पॉकेटमध्ये पाठवतं. टिप फार खाली लागली तर उलट होतं, तो मागे खेचला जाऊन आपल्याच बाजूच्या कुशनवर येतो. मध्य किंवा मध्याच्या केसभर खाली, ही जागा याच हिशेबातून येते. बॉलच्या फिरकीचं हे गणित फ्रेंच शास्त्रज्ञ गास्पार-गुस्ताव्ह कोरिओलिस यांनी १८३५ मध्येच बिलियर्ड्सवर एक आख्खा ग्रंथ लिहून मांडलं होतं. वारे आणि सागरप्रवाह वळवणाऱ्या परिणामाला ज्यांचं नाव आहे, तेच हे कोरिओलिस.

दुसरी गळती उडीची. क्यूचा मागचा भाग कुशनच्या लाकडावरून जातो, त्यामुळे क्यू थोडा तरी तिरका असतोच. तिरका फटका पांढऱ्याला कापडाखालच्या स्लेटवर दाबतो आणि तो उडत निघतो. ब्रेकच्या वेगात ही उडी डोळ्याला दिसत नाही. पण शेंड्याच्या बॉलला टेकताना पांढरा हवेत असेल, तर तो त्याच्या मध्याच्या वर आदळतो, वर चढतो आणि कधीकधी टेबल ओलांडून जातो. बॉल टेबलाबाहेर गेला की लोक म्हणतात जोर जास्त झाला. बहुतेक वेळा दोष जोराचा नसतो, उचललेल्या क्यूचा असतो. मोबाइलवर संथ चित्रण करून पाहा. सेकंदाला २४० चित्रं टिपणारा कॅमेरा असेल तर दोन चित्रांच्या मधे वेगवान पांढरा पावणेचार सेंटिमीटर सरकतो. बॉल आणि त्याची सावली एकमेकांपासून सुटलेली दिसली की उडी पकडली. उपाय दोन. मागचा हात जमेल तितका खाली आणायचा, किंवा पांढरा बॉल थोडा मागे-पुढे ठेवून बघायचा, म्हणजे तो रॅकपाशी पोहोचेपर्यंत पुन्हा कापडावर आलेला असेल.

आता रॅक. या भागाकडे खेळाडू सर्वांत जास्त दुर्लक्ष करतात, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

आपल्याकडे बॉल लावायचं काम पुष्कळदा मार्कर करतो. चार टेबलं सांभाळणारा मार्कर त्रिकोण पुढे-मागे खडखडवतो, उचलतो आणि निघून जातो. लांबून रॅक छान दिसतो. जवळ जाऊन वाका आणि ओळींमधून पाहा. पहिल्या आणि दुसऱ्या ओळीत कागद सरकेल इतकी फट असते, मागच्या ओळीतला एखादा बॉल एकटाच उभा असतो. दोन बॉलची टक्कर सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कितीतरी लवकर संपते. तेवढ्या काळात फट ओलांडून पुढचा बॉल गाठणं शक्य नसतं. सगळे टेकलेले असतील तर धक्का एकातून दुसऱ्यात सलग जातो आणि मागचे दोन कोपऱ्यांचे बॉल जोरात सुटतात. फट असेल तर तो तिथे अडतो, ओळी एकामागून एक वेगवेगळ्या आदळतात, आणि रॅकच्या मधोमध बॉलचा गठ्ठा तसाच उरतो. अशा रॅकवर कितीही जोर लावा, उत्तर तेच.

रॅक घट्ट लावायला हाताची सवय लागते. त्रिकोणाच्या मागच्या बाजूने बोटं आत घालून मागची ओळ बोटांच्या पेरांनी पुढे दाबायची, अंगठे त्रिकोणाच्या पट्टीवर. पूर्ण रॅक स्पॉटच्या थोडा पुढे नेऊन मागे आणायचा, मग पुन्हा पुढे दाबत शेंड्याचा बॉल स्पॉटवर बसवायचा. बोटांचा दाब कायम ठेवून त्रिकोण आधी किंचित पुढे सरकवून मोकळा करायचा आणि मग उचलायचा. त्यानंतर खाली वाकून, मागून उजेड येईल अशा बाजूने, पहिल्या तीन ओळी तपासायच्या. पुढच्या तीन ओळी टेकलेल्या असतील तर मागे एखादी बारीक फट चालून जाते.

कधी लाख दाबलं तरी एक बॉल सुटाच राहतो. त्याची कारणं तीन असतात. स्पॉटजवळच्या कापडाला वर्षानुवर्षांच्या ठोक्यांनी बारीक खड्डे पडलेले असतात आणि बॉल आपल्या जागेऐवजी खड्ड्यात बसतो. बॉलवर चॉकची धूळ आणि हातांचा घाम असतो. किंवा जुने-नवे बॉल एकत्र झालेले असतात, त्यामुळे आकारात बारीक फरक पडतो. पहिल्यावर इलाज म्हणजे बॉल किंचित फिरवून ठेवणं, दुसऱ्यावर ओलसर फडकं, तिसऱ्यावर दोन बॉलची अदलाबदल. रॅक पटत नसेल तर पुन्हा लावायला सांगण्यात संकोच वाटू देऊ नये.

कॅरम खेळलेल्या माणसाला यातलं बरंचसं आधीच माहीत असतं. सोंगट्या राणीभोवती लावून बोटांनी घट्ट फिरवल्याशिवाय कुणी ब्रेक करू देत नाही. सैल मांडलेला पट फुटत नाही, नुसता सरकतो, हे घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असतं. पूलमध्ये आलो की तेच ज्ञान आपण दाराबाहेर ठेवून येतो.

रॅक घट्ट असण्याने किती फरक पडतो, हे पूलच्या इतिहासातल्या एका प्रकरणात फार ठळकपणे दिसलं. नाइन-बॉलमध्ये नऊ बॉल चौकटच्या आकारात लागतात, एक नंबर शेंड्यावर, नऊ नंबर मधोमध. अमेरिकेत तेव्हा व्हर्जिनियामध्ये होणाऱ्या यू. एस. ओपन नाइन-बॉल स्पर्धेत २००१ साली बॉल लावायला सार्डो टाइट रॅक नावाचं साधन वापरलं जात होतं. ते वरून दाब देऊन बॉल एकमेकांना घट्ट टेकवायचं. कोरी ड्यूएल या तरुण अमेरिकी खेळाडूच्या ध्यानात आलं की रॅक इतका नेमका लागत असेल, तर बाजूच्या कोपऱ्यातला बॉल कोपऱ्याच्या पॉकेटमध्ये जाणं जवळपास ठरलेलं आहे आणि त्यासाठी जोराची गरज नाही. जोर कमी ठेवला तर पांढरा आणि एक नंबर कुठे थांबणार हेही आपणच ठरवू शकतो. त्याने हळू, मापून ब्रेक करायला सुरुवात केली. अंतिम सामन्यात त्याने फिनलंडच्या मिका इमोनेनला ११-० असं हरवलं.

मला हे प्रकरण फार मोलाचं वाटतं. ड्यूएलने नवा फटका शोधला नाही. फुटलेला रॅक दर वेळी काय करतो ते त्याने इतरांपेक्षा नीट पाहिलं. प्रेक्षक मात्र जोरदार ब्रेक पाहायला येतात, आणि ब्रेकमधला सगळा धोका नाहीसा झाला तर खेळ एकतर्फी होतो. पुढे बॉल लावायच्या पद्धतीत आणखी सुधारणा झाली. भोकं पाडलेला पातळ प्लास्टिकचा पत्रा टेबलावर ठेवतात आणि प्रत्येक बॉल आपल्या भोकात बसतो. त्यामुळे हाच प्रश्न पुन्हा पुढे आला. आयोजकांनी उत्तर म्हणून नियम बदलले. काही स्पर्धांत ब्रेकच्या वेळी ठरावीक संख्येने बॉल हेड स्ट्रिंग ओलांडून यावे लागतात किंवा पडावे लागतात. पांढरा बॉल मधल्या आखलेल्या चौकटीतूनच मारायचा, ही अट आली. आणि फूट स्पॉटवर एक नंबरऐवजी नऊ नंबर ठेवायची पद्धत आली. या शेवटच्या बदलाने पूर्ण रॅक दोन ओळी, म्हणजे सुमारे दहा सेंटिमीटर पुढे सरकतो. तेवढ्याने बाजूच्या कोपऱ्यातल्या बॉलची वाट कोपऱ्याच्या पॉकेटवरून हटते. मग खेळाडू एक नंबरला किंचित कापून मधल्या पॉकेटकडे पाठवायला शिकले. दहा सेंटिमीटरच्या बदलाने साऱ्या जगाला ब्रेक नव्याने शिकावा लागला, यावरून त्यात नेमकेपणा किती आहे ते कळतं.

अंगाच्या हालचालीबद्दल थोडक्यात बोलतो, कारण प्रत्येकाचं शरीर वेगळं असतं. नेहमीच्या शॉटपेक्षा ब्रेकला थोडं उंच उभं राहावं, म्हणजे हात मोकळा फिरतो. पुढच्या हाताचा आधार पांढऱ्यापासून जरा लांब, मागची पकड थोडी आणखी मागे. मूठ आवळू नये. आवळलेल्या मुठीने मनगट अडतं आणि क्यू रेषेतून सुटतो. क्यू मागे नेल्यावर क्षणभर थांबावं; बहुतेकांचा फटका मागून पुढे येण्याच्या घाईतच बिघडतो. वेग हळूहळू वाढत जाऊन पांढऱ्याला टेकताना सर्वांत जास्त असावा, आणि क्यू त्याच रेषेत पुढे जाऊ द्यावा. शेवटच्या क्षणी नजर पांढऱ्यावर की शेंड्याच्या बॉलवर, यावर खेळाडूंमध्ये एकमत नाही. दोन्ही करून पाहावं आणि जे सरळ जातं ते धरावं.

ब्रेकसाठी वेगळा क्यू घ्यावा का? घेता आला तर जरूर घ्यावा. त्याची टिप कडक असते, त्यामुळे फटक्यातली ऊर्जा टिपेत कमी जिरते, शिवाय खेळायच्या क्यूची टिप चपटी होत नाही. वजन साधारण ५१० ते ५९० ग्रॅम. जड क्यूने ब्रेक जोरात बसतो ही समजूत पक्की आहे, पण ऊर्जा वजनापेक्षा वेगाने जास्त वाढते आणि जड क्यू तेवढ्या वेगाने फिरवता येतोच असं नाही. अनेक चांगले खेळाडू आज हलका क्यू पसंत करतात.

आपल्याकडचे पुष्कळ खेळाडू पूलकडे स्नूकरमधून येतात, आणि त्यांचा ब्रेक वेगळ्या कारणाने अडतो. स्नूकरचा जन्म १८७५ मध्ये जबलपूरच्या ब्रिटिश लष्करी मेसमध्ये झाला. पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी १९५८ मध्ये बिलियर्ड्सचं हौशी विश्वविजेतेपद मिळवलं. क्लबांची ही परंपरा मोठी आहे, पण तिच्यात डाव उघडण्याची रीत पूलच्या नेमकी उलटी आहे. स्नूकरमध्ये कडेच्या लाल बॉलला हलकासा स्पर्श करून पांढरा आपल्या बाजूच्या कुशनपाशी परत आणतात. रॅक फोडणं म्हणजे प्रतिस्पर्ध्याला ताट वाढून देणं. त्या शिस्तीत वाढलेला हात पूलमध्ये रॅक फोडायला बिचकतो. त्यांनी काळजी करू नये. त्यांचा क्यू सरळ जातो, आणि सरळपणा मिळवायलाच सर्वांत जास्त वेळ लागतो.

आता सराव. सुरुवात आपल्या कमाल जोराच्या दोन-तृतीयांश ताकदीने करावी. पांढरा दर वेळी त्याच जागी ठेवायचा. खडूने खूण करू नका, मार्कर रागावेल. कुशनवरच्या हिऱ्याच्या आकाराच्या खुणांवरून जागा धरता येते. ब्रेक झाला की बॉल गोळा करायच्या आधी थांबायचं आणि वहीत तीन गोष्टी लिहायच्या: पांढरा कुठे थांबला आणि तिथे कुठल्या बाजूने आला, मागचे दोन कोपऱ्याचे बॉल कुठे गेले, आणि रॅकच्या मूळ जागी किती बॉल उरले. पांढरा बाजूला गेला तर नेम चुकला. पांढरा मधे राहिला पण मूळ जागी गठ्ठा उरला, तर रॅक सैल होता किंवा वेग अपुरा होता, आणि यांतलं कोणतं कारण ते पुढचा रॅक नीट तपासून लावला की कळतं. एका कोपऱ्याचा बॉल सुटला आणि दुसरा जागेवरच राहिला, तर रॅक एका बाजूला सैल किंवा वाकडा होता. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. जागा बदलली तर जोर तोच ठेवायचा, जोर बदलला तर टिपेची जागा तीच.

वेग मोजायला यंत्र लागत नाही. मोबाइल टेबलाजवळ ठेवून आवाज मुद्रित करा. टिप पांढऱ्याला लागल्याचा एक टक् आणि रॅक फुटल्याचा दुसरा, यांच्यातलं अंतर आवाजाच्या आलेखावर मोजता येतं. नऊ फुटी टेबलावर पांढरा हेड स्ट्रिंगच्या मध्यावर असेल तर १.२१ ला त्या सेकंदांनी भागायचं. ०.१७ सेकंद आले तर वेग सेकंदाला साधारण ७ मीटर, ताशी २५-२६ किलोमीटर. ०.१३५ आले तर व्यावसायिकांच्या रांगेत बसलात. टेबल आठ फुटी असेल तर अंतर पट्टीने मोजून घ्यावं. पांढरा दहापैकी सात-आठ वेळा मध्याजवळ थांबायला लागला की मगच वेग थोडा वाढवायचा, आणि नेम सुटू लागला की पुन्हा एक पायरी खाली यायचं. हा सात-आठचा आकडा माझ्या अनुभवाचा आहे, शास्त्राचा नाही.

चांगला ब्रेक जन्मजात असावा लागतो, असं कुणी म्हटलं तर शेन व्हॅन बोएनिंगकडे पाहावं. अमेरिकेच्या साउथ डकोटातला हा खेळाडू श्रवणदोष घेऊन जन्मला, पाच वेळा यू. एस. ओपन जिंकला आणि २०२२ मध्ये नाइन-बॉलचा विश्वविजेता झाला. त्याच्या ब्रेकचा दबदबा जगभर आहे, आणि तो ब्रेक एकट्याने टेबलावर काढलेल्या अगणित तासांतून आलेला आहे.

एट-बॉलमध्ये एक दुसरा ब्रेकही शिकून ठेवावा. पांढरा बाजूच्या कुशनजवळ ठेवायचा आणि शेंड्याचा बॉल सोडून त्याच बाजूच्या दुसऱ्या ओळीतल्या बॉलवर पूर्ण आदळायचं, टिप स्पष्टपणे मध्याच्या खाली ठेवून. पांढरा बाजूच्या कुशनला लागून मध्याकडे येतो, आणि धक्का अशा दिशेने जातो की आठ नंबर जागचा हलतो. आठ नंबर ब्रेकला पडला की जिंकलं, असा नियम असलेल्या पार्लरमध्ये या ब्रेकला मोठा मान असतो. यात धोकाही आहे, टिप पुरेशी खाली नसेल तर पांढरा कोपऱ्याच्या पॉकेटमध्ये जातो. माझ्या मते शेंड्याच्या बॉलवरचा ब्रेक पक्का झाल्याशिवाय याच्या नादी लागू नये. नाइन-बॉलमध्ये हा चालतच नाही, कारण तिथे एक नंबरलाच आधी लागावं लागतं.

सामन्यात अनोळखी टेबल मिळालं तर पहिले दोन-तीन ब्रेक टेबल समजून घेण्यात जातात, मग ते आपले असोत की प्रतिस्पर्ध्याचे. त्याचा पांढरा कुठे थांबतो, कोणत्या कोपऱ्याचा बॉल पॉकेटच्या जवळून जातो, हे पाहिलं तर आपल्या पाळीला पांढरा दोन बोटं डावीकडे ठेवायचा की उजवीकडे, हे ठरवता येतं. नवीन कापड गुळगुळीत असतं. त्यावर पांढरा घसरत जातो आणि खालचा स्पिन जास्त टिकतो, तेव्हा टिप मध्याच्या अगदी जवळ ठेवावी. जुनं, रखरखीत कापड पांढऱ्याला लवकर पकडतं. पावसाळ्यात मुंबई-कोकणच्या दमट हवेत वातानुकूलन नसलेल्या खोलीतलं कापड ओलसर होतं, तेव्हाही हेच घडतं: रॅकपाशी पोहोचेपर्यंत पांढऱ्यात पुढचा स्पिन जरा जास्त आलेला असतो आणि तो गर्दीत शिरायला बघतो. अशा दिवसांत टिप एरवीपेक्षा थोडी आणखी खाली लावावी, बॉल खेळ सुरू करण्याआधी कोरड्या फडक्याने पुसून घ्यावेत, आणि बॉल उन्हाळ्याइतके पसरले नाहीत म्हणून जोर वाढवू नये.